मदत हवी आहे : डॅफ्नियाची २१ दिवसांची प्रजनन-चाचणी, कंट्रोलमध्येच पिल्लं कमी आणि रसायन ७२ तासांत निम्म्याखाली

तळ्यातली_जाळी

नमस्कार. पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या एका क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनाची दीर्घकालीन विषारिता ओईसीडी २११ या आंतरराष्ट्रीय चाचणी-मार्गदर्शिकेप्रमाणे डॅफ्निया मॅग्ना या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यावर मोजायची आहे. लॉग केओडब्ल्यू (पाणी सोडून तेलकट पदार्थात शिरण्याची ओढ) ४.७. तीव्र चाचणीत ४८ तासांचा ईसी५० (निम्म्या जिवांवर परिणाम करणारी संहती, म्हणजे पाण्यातलं प्रमाण) ९०० मायक्रोग्रॅम/लिटर आला आहे.

मांडणी अशी : एम४ माध्यम (ठरलेल्या क्षारांचं कृत्रिम पाणी), ८० मि.लि.च्या प्रत्येक बीकरमध्ये एकच मादी, प्रत्येक संहतीला १० बीकर, २० ± १ अंश सेल्सियस, १६ तास उजेड. संहती १०, ३२, १००, ३२० आणि १००० मायक्रोग्रॅम/लिटर. विद्रावक अ‍ॅसिटोन, ०.१ मि.लि./लिटर, सगळीकडे सारखा. पाणी सोमवार-बुधवार-शुक्रवारी बदललं जातं. खाद्य म्हणजे रॅफिडोसेलिस शैवाल, रोज ०.२ मि.लि., पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेवढंच.

प्राथमिक फेरीचा निकाल : पाण्याच्या कंट्रोलमध्ये (रसायन न घातलेल्या तुलनेच्या बीकरमध्ये) दर मादीमागे सरासरी ४४ जिवंत पिल्लं, अ‍ॅसिटोनच्या कंट्रोलमध्ये ४३. म्हणजे मार्गदर्शिकेची कंट्रोलमध्ये दर मादीमागे किमान ६० पिल्लांची अट पुरी होत नाही. विचरण गुणांक (बीकर-बीकरमधला फरक, सरासरीच्या तुलनेत) ३४ टक्के. १० पैकी एक मादी मेली. शिवाय ताज्या द्रावणात १०० टक्के भरणारं रसायन ७२ तासांनी ३८ टक्क्यांवर येतं.

विचारायचं असं की ४४ वरून ६० च्या वर कसं जायचं? आणि संहती टिकत नसेल तर निकाल कोणत्या आकड्यावर मांडायचा?

सूक्ष्मदर्शक

कारण शोधण्याआधी तीन गोष्टी सांगा. पहिलं वेत कितव्या दिवशी आलं? नंतरच्या प्रत्येक वेतात किती पिल्लं होती? शैवालाच्या द्रावणाचा एकूण सेंद्रिय कार्बन मोजला आहे का?

विचारण्याचं कारण : ‘एकूण ४४’ या आकड्यातून काहीच कळत नाही. २० अंशांना पहिलं वेत साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी येतं आणि पुढची दर तीन दिवसांनी. वेतं उशिरा येत असतील तर आधी तापमान तपासा. वेळेवर येऊन लहान असतील तर खाद्य कमी पडतंय. पहिली दोन वेतं चांगली आणि पुढे घसरण, असं असेल तर माध्यमात काहीतरी कमी आहे, बहुतेक सेलेनियम किंवा बी१२. सेलेनियम कमी पडलं की पोहण्याच्या शृंगिकांची (डोक्यावरच्या स्पर्शकांची) टोकं झडायला लागतात, भिंगाखाली ते स्पष्ट दिसतं. अंडी पोटात दिसतात पण बाहेर मेलेली किंवा अर्धवट पडतात, असं असेल तर बाब वेगळी. ते गर्भावर होणारं नुकसान, आणि कंट्रोलमध्ये दिसलं तर काच, पाणी किंवा विद्रावक दूषित आहे.

तळ्यातली_जाळी

पहिलं वेत नवव्या दिवशी, पुढची दर तीन दिवसांनी, एकूण पाच. प्रत्येकात ८ ते १० पिल्लं. शृंगिका ठीक दिसतात. कार्बन आता मोजून घेतला : ३१० मि.ग्रॅ./लिटर. आतापर्यंत मात्रा प्रकाशशोषणावरून ठरत होती. शैवाल वाढीच्या माध्यमासकट घातलं जातं. एका बीकरमध्ये काळी सुप्त अंडी, म्हणजे एफिपियम दिसलं. बीकर संहतीप्रमाणे ओळीने मांडलेले आहेत.

सूक्ष्मदर्शक

मग हे खाद्यच. ०.२ मि.लि. गुणिले ३१० मि.ग्रॅ./लिटर म्हणजे रोज ०.०६२ मि.ग्रॅ. कार्बन. हवा असतो दर मादीमागे रोज ०.१ ते ०.२ मि.ग्रॅ. माद्या जगतात, वेळेवर वितात, पण अंडी भरायला ऊर्जा उरत नाही. तुमची वेतं हेच सांगतात.

प्रकाशशोषणावर थेट विसंबू नका. जुन्या संवर्धनातल्या पेशी मोठ्या आणि फिक्या होतात, त्यामुळे तेवढ्याच शोषणात कार्बन वेगळा भरतो. आपल्या शैवालाची पाच-सहा विरलनं करून शोषण विरुद्ध कार्बन अशी रेषा काढा, आणि संवर्धनाची पद्धत बदलली की ती पुन्हा काढा.

शैवाल जोमाने वाढत असतानाच काढा. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी टाकून द्या आणि तळाचा गोळा एम४ मध्ये पुन्हा मिसळा. वाढीचं माध्यम सोबत गेलं तर त्यातली पोषकद्रव्यं आणि ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) रोज थोडं थोडं बीकरमध्ये साचतं. नवं द्रावण ६०० मि.ग्रॅ./लिटरच्या आसपास ठेवलंत तर ०.१ मि.ग्रॅ. साठी साधारण ०.१७ मि.लि. आणि ०.२ साठी ०.३३ मि.लि. पुरेल, बीकरमधलं रसायनही फारसं पातळ होणार नाही. पहिल्या आठवड्यात ०.१ आणि पुढे ०.२ अशी वाढ चालते, फक्त सगळ्या बीकरना एकाच दिवशी तीच मात्रा. मात्रा फार वाढवली तर तळाशी थर बसतो, रात्री ऑक्सिजन पडतो. तो ३ मि.ग्रॅ./लिटरच्या खाली जाता कामा नये, म्हणून पाणी बदलताना जुन्या पाण्यातही मोजा, फक्त ताज्यात मोजून उपयोग नाही.

एफिपियमकडे दुर्लक्ष करू नका. एकट्या ठेवलेल्या मादीत गर्दीचा प्रश्न नसतो, तिथे ते उपासमारीचं किंवा उजेडाच्या गडबडीचं लक्षण समजा. मूळ साठ्यात, म्हणजे चाचणीसाठी पिल्लं पैदा करणाऱ्या संवर्धनात, एफिपियम किंवा नर दिसत असतील तर त्या साठ्यातून पिल्लं घेऊच नका. पहिल्या वेताची पिल्लंही चाचणीला चालत नाहीत. अंडी भरलेल्या माद्या आदल्या संध्याकाळी वेगळ्या करा आणि सकाळी पिल्लं उचला, म्हणजे २४ तासांच्या आतली आहेत याची खात्री राहते. साठा वेगळ्या पाण्यातला असेल तर एम४ मध्ये साधारण तीन आठवडे मुरू द्या.

ओळीने मांडलेले बीकर आजच बदला. दिव्याखालची ओळ आणि कडेची ओळ यांत अर्धा-एक अंशाचा फरक सहज पडतो आणि तो सरळ संहतीच्या खात्यात जमा होतो. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. ३४ टक्के विचरणातला काही भाग इथूनच येत असणार.

काचपात्र

रसायनाच्या घटीबद्दल. आधी ते जातं कुठे ते शोधा, डॅफ्निया न घालता. एकाच ताज्या द्रावणाचे चार संच : बंद झाकण आणि अंधार, बंद झाकण आणि उजेड, उघडं आणि अंधार, बंद झाकण, अंधार आणि शैवाल. ७२ तासांनी मोजा. पहिल्या संचातच घट असेल तर काच शोषतेय किंवा पाण्यात विघटन होतंय. उघड्यात जास्त घट म्हणजे बाष्पीभवन, उजेडात जास्त म्हणजे प्रकाशविघटन. रिकामा केलेला बीकर विद्रावकाने धुऊन तेही मोजा, नाहीतर काच आणि विघटन यांत फरक कळणार नाही.

लॉग केओडब्ल्यू ४.७ असताना काच आणि शैवाल हे दोन पहिले संशयित. प्लॅस्टिकची पिपेट, रबरी नळी, पॅराफिनची पट्टी काहीही द्रावणाला लागू देऊ नका. बीकर त्याच संहतीच्या द्रावणाने एक दिवस आधी भरून ठेवा, ते ओतून द्या, मग चाचणी सुरू करा.

अ‍ॅसिटोनबद्दल : ०.१ मि.लि./लिटर ही कमाल मर्यादा, आणि तुम्ही अगदी तिच्यावर उभे आहात. दोन कंट्रोलमध्ये फरक नाही हे चांगलं. पण अ‍ॅसिटोन जिवाणूंचं खाद्य आहे. बीकरच्या भिंतीवर बुळबुळीत थर येतोय का बघा, तो थर रसायन खातोही आणि शोषतोही. जमलं तर विद्रावक टाळाच. काचेच्या मण्यांवर रसायनाचा थर देऊन त्यावरून माध्यम फिरवायचं आणि संपृक्त द्रावण काढायचं, ही पद्धत अशा पदार्थांना चांगली बसते.

तळ्यातली_जाळी

चारही संच लावते. पण इथे पेच आहे : खाद्य वाढवलं तर शैवालावर अजून रसायन चिकटेल, आणि संहती अजून पडेल. मग?

काचपात्र

पडेल. तरी खाद्य कमी करून संहती वाचवायची नाही. उपाशी मादीची पिल्लं कमी होणारच, मग रसायनाचा परिणाम कशातून काढणार? खाद्य पुरेसं ठेवा, पाणी जास्त वेळा बदला आणि निकाल मोजलेल्या संहतीवर मांडा.

जास्त वेळा बदलून किती साधेल याचा हिशेब करून घ्या. ७२ तासांत १०० चं ३८, घट घातांकी धरली तर दिवसाचा दर ०.३२ च्या आसपास. सरासरी अशी काढायची : सुरुवातीच्या आणि शेवटच्या संहतीतला फरक, भागिले त्यांच्या नैसर्गिक लॉगमधला फरक. ६२ भागिले ०.९६८, म्हणजे ६४ टक्के. साध्या सरासरीने ६९ येते, ती रसायनाला आहे त्यापेक्षा सौम्य दाखवते. दर दोन दिवसांनी बदललं तर सरासरी ७४ च्या घरात, रोज बदललं तर साधारण ८५. पण रोज बदलूनही दिवसअखेर पातळी ७२ टक्क्यांवर येते. म्हणजे ‘नाममात्र संहतीच्या ± २० टक्के’ ही सवलत, म्हणजे त्या मर्यादेत राहिल्यास घातलेल्या संहतीवरच निकाल मांडण्याची मुभा, तुम्हाला मिळणार नाही. प्रत्येक बदलाच्या कालखंडाची अशी सरासरी काढा, तिला त्या कालखंडाच्या दिवसांनी गुणा, २१ दिवसांची बेरीज करून २१ ने भागा. ही काळभारित सरासरी अहवालात लिहा.

नमुने घेताना दहाही बीकरचं जुनं पाणी एकत्र करा, पण आधी पिल्लं काढून. गाळणी वापरू नका, असा पदार्थ गाळणकागदावरच राहतो. सेंट्रिफ्यूज करून विरघळलेला भाग मोजा आणि शैवालासकट एकूणही मोजा. दोन्ही आकडे द्या. डॅफ्निया शैवाल खाते, त्यामुळे शैवालावर बसलेलं रसायनही तिच्या पोटात जातं.

गाळ_आणि_पाणी

मध्येच विचारतो. हीच चाचणी जस्ताच्या लवणासाठी करायची आहे. एम४ चालेल?

सूक्ष्मदर्शक

एम४ मध्ये ईडीटीए आहे, ते जस्ताला धरून ठेवतं. विषारिता कमी दिसेल आणि ती ईडीटीएची करामत असेल. ईडीटीए नसलेलं माध्यम घ्या. त्यात सूक्ष्मद्रव्यांसाठी समुद्री शैवालाचा अर्क घालतात, पण अर्कातला सेंद्रिय कार्बनही धातू बांधतो, म्हणून मात्रा कमीत कमी. कठीणपणा, पीएच आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन दर बदलाला नोंदवा. या तिघांशिवाय धातूच्या ईसी१० ची (१० टक्के परिणाम करणाऱ्या संहतीची) दुसऱ्या पाण्याशी तुलना करता येत नाही. नवजात पिल्लं पृष्ठभागावर अडकण्याचा त्रासही होऊ शकतो. पिपेटचं तोंड रुंद ठेवा आणि पिल्लू पाण्याखाली सोडा, कवचात हवा शिरली की ते बुडत नाही आणि मरतं.

तळ्यातली_जाळी

शेवटचा प्रश्न मूळ चाचणीचाच. प्राथमिक फेरीत १० आणि ३२ मध्ये कंट्रोलइतकीच पिल्लं, १०० मध्ये निम्मी, ३२० मध्ये जवळपास नाहीत, १००० मध्ये सगळ्या माद्या मेल्या. पुढच्या फेरीत संहती कशा ठेवू, आणि एनओईसी (परिणाम न दिसलेली सर्वांत जास्त संहती) द्यायची की ईसी१०?

मोजपट्टी

१००० काढून टाका. तीव्र ईसी५० च्या वर जाऊन प्रजननाबद्दल काही कळत नाही. पहिली घट ३२ आणि १०० च्या मध्ये घडतेय आणि तिथे तुमचा एकही बिंदू नाही. १५, २७, ४८, ८७, १५६ अशी १.८ पटीची मालिका घ्या. ईसी१० मोजलेल्या संहतींच्या पट्ट्यातच पडायला हवा, रेषा खाली ओढून काढलेला ईसी१० ग्राह्य धरू नका.

ईसी१० द्या, त्याच्या ९५ टक्के विश्वासमर्यादेसह. एनओईसी ही तुम्ही निवडलेल्या पाच आकड्यांपैकीच एक असते, आणि विचरण जास्त असेल तर ती उगीच वर सरकते. प्रत्येकी १० बीकर, पाच संहती, डनेटची एकतर्फी चाचणी (प्रत्येक संहतीची कंट्रोलशी तुलना करणारी संख्याशास्त्रीय पद्धत) : विचरण ३४-३५ टक्के असेल तर साधारण ३५ टक्क्यांपेक्षा लहान घट पकडताच येत नाही. २० टक्क्यांवर आणलंत तर साधारण २० टक्क्यांची घट पकडता येते. नियामकाने एनओईसी मागितली तर दोन्ही द्या.

मेलेल्या माद्यांचं काय करायचं ते आधीच लिहून ठेवा. ओईसीडी २११ च्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे मुख्य मोजमाप ‘सुरुवातीला ठेवलेल्या दर मादीमागे जिवंत पिल्लं’ असं आहे, म्हणजे मधे मेलेल्या मादीचा बीकरही हिशेबात राहतो. पिपेटखाली चिरडलेली किंवा सांडलेली मादी आणि नर निघालेलं जनावर मात्र वगळायचं, कारणासह नोंद करून. नर ओळखायला पहिल्या शृंगिका बघा, नरात त्या लांब आणि ठळक असतात. उरलेल्या माद्यांचा वेगळा हिशेबही जोडा, नाहीतर मृत्यू आणि प्रजननातली घट एकमेकांत मिसळलेलीच राहतील.

पिल्लं रोज मोजून रोज काढा. दोन दिवस राहिली तर ती आईच्या वाटणीचं शैवाल खातात, आणि जिथे पिल्लं जास्त तिथेच, म्हणजे कंट्रोलमध्येच, खाद्य कमी पडतं. मेलेली पिल्लं आणि पडलेली अंडी वेगळ्या रकान्यात लिहा. आणि जमलं तर काही पिल्लांचं लिंगही तपासा. कीटकांच्या जुवेनाइल हॉर्मोनसारखी वागणारी रसायनं, उदाहरणार्थ पायरिप्रॉक्सिफेन आणि फेनॉक्सिकार्ब, डॅफ्नियाला नर जन्माला घालायला लावतात, आणि नुसत्या संख्येत ते दिसत नाही.