कोकणातल्या बाळांना ‘इंटरग्रोथ’ची रेघ लावायची का?

खाडीकाठ: रत्नागिरी-सिंधुदुर्गात पूर्ण दिवसांचं, अंगावर नीट ओढणारं अडीच किलोचं बाळ नवलाचं नाही. ३९ आठवड्यांच्या अशा बाळाला इंटरग्रोथ-२१ चा तक्ता (गर्भाच्या आठवड्यांच्या मानाने जन्मवजन बघायचा, अनेक देशांतल्या अभ्यासावरून केलेला) १० व्या पर्सेंटाइलखाली, म्हणजे शंभरांतल्या सर्वांत हलक्या दहांत, टाकतो. की लगेच साखर बघायला टाचेला सुया आणि वरचं दूध. त्या अभ्यासात आईची उंची किमान १५३ सेंमी हवी होती. १४६ सेंमीच्या आईच्या बाळाला ती फूटपट्टी कशाला? आपला तक्ता करा.

करवंद: तक्तो बदलून पोर वाढता काय? त्या अभ्यासाच्या आठ केंद्रांत आपलं नागपूर होतं. आणि १५३ ची अट मुद्दाम आहे. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या आईचं बाळ किती वाढू शकतं, हे त्यात बघितलंय. अर्धपोटी आयांच्या बाळांची सरासरी काढलीत तर कुपोषणच ‘नॉर्मल’ ठरेल. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची ३.५. वजन एवढं कमी, पण पाठीवरची चरबी त्या मानाने टिकलेली, म्हणजे घट बाकीच्या अंगात. ‘बारीक पण निरोगी’ म्हणून सोडून देऊ नका.

खाडीकाठ: मग त्याच बाळाला वरचं दूध पाजून चरबीच चढवायची ना?

आंबोळी: तुम्ही रेघेवरून भांडताय, चूक गर्भाचे आठवडे मोजण्यात असते. शेवटची पाळी ‘शिमग्याच्या आसपास’ एवढंच कळलं, तर कुठलाही तक्ता फसणार. ३६-३७ व्या आठवड्यात बाळ आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅम भरतं. दोन आठवडे चुकले की लहान बाळ बरोबर दिसतं, बरोबर असलेलं लहान. १४ आठवड्यांच्या आतली सोनोग्राफी असेल तर तारीख तिच्यावरून धरा. काट्यावर दुपटं ठेवून शून्य करा, मग उघडं बाळ ठेवा. स्प्रिंगच्या काट्याची रेघच १०० ग्रॅमची, त्यावर पर्सेंटाइल काढू नये. डोकं जन्मतः लांबट किंवा सुजलेलं असेल तर घेर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

करवंद: हे मान्य. पण वरच्या दुधाचं खापर तक्त्यावर नको. रेघेखालच्या बाळाला ऊब द्या, पहिल्या तासात अंगावर घ्या, साखर तपासा. दुधाचा डबा उघडा असं तक्ता सांगत नाही.

खाडीकाठ: वॉर्डात तसंच होतं, त्याचं काय?

आंबोळी: आणखी एक. ३५ आठवड्यांचं २३०० ग्रॅमचं बाळ ‘कमी वजनाचं’ (अडीच किलोखालचं) खरं, पण दिवसांच्या मानाने योग्य वाढलेलं. तेच पुढे डब्ल्यूएचओच्या वाढीच्या कार्डावर जन्मतारखेने मांडलं की खालीच दिसणार. चाळीसला कमी पडलेले पाच आठवडे वयातून वजा करून मांडा. आशाताईंच्या हाती कार्ड देतानाच तसं लिहून द्या.