पावसाळ्यात लावलेली रोपं मे महिन्यात वाळतात, काय करावं?

सुदामानगरवाली: आमच्या कॉलनीचा बागप्रेमी ग्रुप आहे, दहा-बारा जणं, बहुतेक रिटायर्ड. मागच्या जुलैत बगीच्यात ४० रोपं लावली, फोटोला ही गर्दी आणि आता पाणी घालायला मी न् एक काका. ९ उरलीत. इंदूरची काळी माती एवढी तडकलीय की भेगेत अख्खी खुरपी जाते.

मातीतला_माणूस: अहो ताई तडकणारच, काळी माती वाळली की आकसते, त्यात मुळं तुटतात. रोपाशेजारी बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा, पाणी हळूहळू झिरपतं. आणि बुडाशी वाळक्या पानांचा जाड थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका, सडतं. पानं तर रोज झाडून गाडीत टाकतच असाल 😄

रामबागकर: लावलं काय होतं पण? गुलमोहर असेल तर फांद्या वादळात मोडतात. करंज, कडुनिंब लावा, गायीपण करंजाला सहसा तोंड लावत नाहीत.

सुदामानगरवाली: गायींचं नका काढू भाऊ, अर्धी त्यांनीच संपवली 😭

मातीतला_माणूस: मग आधी जाळी, मग रोप. आणि ४० नको, १५च लावा, एकेक झाड एकेका घराच्या नावावर, मुलांना द्या, पोरं बरोबर भांडतात कुणाचं उंच झालं म्हणून. आमच्याकडे रविवारी काम झाल्यावर पोहे-जलेबी असते, तेव्हापासून हजेरी फुल्ल.

सुदामानगरवाली: पोह्यांचं काकांना सांगते, मडकी उद्याच आणते.