पेट्रोल डब्ल्यू२०३ मध्ये जुनं ओएम६०६ डिझेल: पंप, वायरिंग, गिअर

नवा_बॉनेट: नमस्कार मंडळी. मर्सिडीज डब्ल्यू२०३ (सी-क्लास, पेट्रोल, ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स) मध्ये डब्ल्यू२१० (ई-क्लास) चं ओएम६०६ टर्बो डिझेल इंजिन बसवायचं आहे. इंजिन २९९६ सीसी, १३० किलोवॉट, ३३० न्यूटन मीटर. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पंपाऐवजी त्याआधीच्या ओएम६०३ टर्बो डिझेलचा मेकॅनिकल पंप लावणार, म्हणजे इंजिनला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लागणार नाही. मग पेट्रोलचं सगळं वायरिंग काढून टाकलं तर चालेल का? टाकीतल्या पंपाचं काय करायचं?

तांबडी_वायर: वायरिंग सरसकट काढू नका. इंजिनाला ईसीयू लागत नसला तरी गाडीला लागतो. मीटर, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर हे सगळे आरपीएम आणि टॉर्कचा आकडा कॅन लाइनवरून (सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या डेटा वायरवरून) घेतात. तो आला नाही की ईएसपीचा दिवा लागतो आणि ७२२.६ दुसऱ्या गिअरवर अडकून बसतो. सेल्फचा रिलेही इंजिनच्या ईसीयूकडूनच चालतो, त्यामुळे त्याला वेगळा रिले द्यावा लागेल. चावीचं युनिट आणि स्टिअरिंग लॉक मात्र मूळचेच राहू द्या, एकमेकांना ओळखल्याशिवाय ते लॉक सोडत नाहीत. गिअरबॉक्ससाठी स्वतंत्र कंट्रोलर घ्या, नाहीतर मॅन्युअल बसवा. ऑटोमॅटिकच ठेवणार असाल तर बॉक्सचा कोड आधी वाचा: डब्ल्यू५ए३३० ला ३३० न्यूटन मीटरची मर्यादा आहे, डब्ल्यू५ए५८० ला ५८० ची. पंपाचं डिझेल वाढवणार असाल तर पहिला पुरणार नाही.

आणि हे सगळं करण्याआधी नोंदणीचे नियम बघा. बऱ्याच ठिकाणी गाडीच्या वर्षाचाच उत्सर्जन निकष लागतो, आणि हे इंजिन गाडीपेक्षा जुन्या निकषाचं आहे.

नोजल_टेस्टर: टाकीतला पेट्रोल पंप काढाच. तुमच्या मेकॅनिकल (इनलाइन) इंजेक्शन पंपाच्या अंगावरच फीड पंप असतो, तो डिझेल ओढून घेतो. बंद पडलेल्या पेट्रोल पंपातून त्याला ओढायला लावलंत तर चढावर इंजिन दम टाकेल. टाकीत साधी ८ मिमी आतल्या व्यासाची सक्शन नळी खाली तळापर्यंत सोडा. रिटर्नची लाइन वेगळी हवी. पंपाजवळ वीतभर पारदर्शक नळी घाला: बुडबुडे दिसले तर कुठल्या तरी जॉइंटवर हवा धरतेय. सक्शनच्या गळतीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून नुसतं बोट फिरवून ती सापडत नाही.

बंद करण्याची व्यवस्था सगळ्यात आधी करा. मेकॅनिकल पंप व्हॅक्यूमने बंद होतो. चावीच्या करंटवर चालणारा १२ व्होल्टचा व्हॉल्व्ह त्या लाइनवर बसवा, पण व्हॅक्यूम गळला तर चावी काढूनही इंजिन चालूच राहतं. पंपावरचा स्टॉप लिव्हर पहिल्या स्टार्टला हाताशी असलाच पाहिजे.

नवा_बॉनेट: आभारी आहे. टायमिंग कशावर धरायचं? आणि पेट्रोल गाडीचा ३.४६ गुणोत्तराचा डिफरन्शिअल चालेल का?

नोजल_टेस्टर: एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेऊन टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची स्थिती) ओलांडल्यानंतर १५ अंशांवर क्रँक थांबवा आणि पंप लॉकिंग पिनने धरून त्याच स्थितीत बसवा. पिन आत असताना क्रँक अजिबात फिरवू नका. पंपाच्या टायमरच्या (चेनने फिरणाऱ्या भागाच्या) मधल्या बोल्टला डावा आटा आहे, उजवा समजून जोर लावला की तो तुटतो. चेन टेन्शनर आधी पूर्ण काढा. त्याचा पिस्टन एकदिशी दात्यांवर चालतो, चेन ढिली पडली की पुढे येतो आणि मागे जात नाही. बसवताना पिस्टन पुढून पूर्ण काढून पुन्हा भरा, नाहीतर चेन जास्त ताणली जाते.

समोरचं कव्हर उघडं असताना व्हॅक्यूम पंपाचं बेअरिंगही बघा. ते फुटलं की गोळ्या चेनमध्ये पडतात. हीटर प्लगही (ग्लो प्लग) इंजिन बाहेर असतानाच काढा: आधी हेड गरम करा, प्लगच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाका, हळूहळू मागेपुढे करत सोडवा. अडकलेला प्लग हेडमध्ये तुटला तर ड्रिल करावं लागतं.

गिअर_गणित: ३.४६ बसेल, पण हायवेला इंजिन उगाच किंचाळेल. २०५/५५ आर१६ टायरचा घेर सुमारे १.९८५ मीटर, म्हणजे १०० किमी वेगाला चाक मिनिटाला ८४० फेरे घेतं. ७२२.६ चा पाचवा ०.८३ धरला तर ३.४६ ला इंजिन साधारण २४१० वर, २.८७ ला २००० वर. टर्बो डिझेलला २.८७ च बसवा.