टावीनंतर नवा एलबीबीबी : टेम्पररी वायर कधी काढावी?

कार्डिओ_निवासी
रुग्णाला टावीने (कॅथेटरमधून महाधमनीची झडप बसवणं) स्वतः फुलणारी झडप बसवली आहे. आधीचा ईसीजी स्वच्छ होता : पीआर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली विद्युतसंदेश पोचायचा वेळ) १७०, क्यूआरएस (तो खालच्या कप्प्यांत पसरायचा वेळ) ९२ मिलिसेकंद. झडप बसताच एलबीबीबी (संदेश नेणाऱ्या डाव्या शाखेचा अडथळा) आला. आज, २० तासांनी, पीआर २२८ आणि क्यूआरएस १५६. पूर्ण ब्लॉक (वरचा संदेश खाली अजिबात न पोचणं) एकदाही नाही. टेम्पररी वायर (तात्पुरत्या पेसिंगची तार) आज काढून उद्या घरी सोडावं, की सरळ पेसमेकर?

ईपी_लॅब
दोन्ही नको. एका ईसीजीवर ठरवू नका. झडप बसल्याबरोबरचा, रात्रीचा आणि आजचा असे तिन्ही शेजारी ठेवून बघा. पीआर किंवा क्यूआरएस २० मिलिसेकंदांहून जास्त वाढत चालला असेल तर वायर राहू द्या. आकडे जागच्या जागी असतील तर २४ तास भरल्यावर काढा, पण मॉनिटर चालूच ठेवा.

४८ तासांनंतरही क्यूआरएस १५० च्या वर किंवा पीआर २४० च्या वर स्थिरावला, तर ईपी स्टडीत (हृदयाच्या आतली विद्युत तपासणी) एचव्ही (मुख्य विद्युतजुडी हिज बंडलपासून खालच्या कप्प्यांपर्यंत संदेश जायचा वेळ) मोजा. ७० मिलिसेकंद किंवा जास्त आला तर पेसमेकर. नाहीतर ७ ते ३० दिवसांचा अँब्युलेटरी (अंगावर घेऊन फिरता येणारा) मॉनिटर लावून घरी. ईएससीच्या (युरोपीय हृदयरोग संघटना) २०२१ च्या सूचनांचा रोख हाच आहे. थेट पेसमेकर कुणाला? पूर्ण किंवा हाय-ग्रेड ब्लॉक (सलग संदेश अडणं) २४-४८ तास टिकला तर, किंवा आलटूनपालटून कधी उजवी, कधी डावी शाखा बंद दिसली तर.

सीटी_मोजणी
झडपेनंतर ब्लॉक होतो कशामुळे, तेही लक्षात असू द्या. महाधमनीच्या झडपेच्या उजव्या आणि नॉन-कोरोनरी कस्पच्या (पाकळ्यांच्या) मधल्या त्रिकोणाखाली मेम्ब्रेनस सेप्टम (कप्प्यांमधला पातळ पडदा) असतो. त्याच्या खालच्या कडेने हिज बंडल जातं आणि डावी शाखा तिथेच, अगदी वरवर, फुटते. नव्या झडपेची चौकट सेप्टमच्या लांबीपेक्षा खोल उतरली की नेमकी तिथे रुतते. चौकटीचा नितिनॉल (स्वतः फुलणारा मिश्रधातू) सोडल्यानंतरही फुलत राहतो, वर सूज. म्हणून ब्लॉक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येतो. आधीपासून आरबीबीबी (उजव्या शाखेचा अडथळा) असेल तर धोका सर्वांत मोठा, कारण दबणारी शाखा एकमेव चालू शाखा असते.

२०१९ च्या चाचण्यांत ३० दिवसांत पेसमेकर लागण्याचं प्रमाण एव्होल्यूट लो रिस्कमध्ये (स्वतः फुलणारी झडप) १७.४ टक्के, पार्टनर ३ मध्ये (बलूनने फुगवायची झडप) ६.५ टक्के. रुग्ण वेगळे, त्यामुळे थेट तुलना नको. शिवाय कस्प-ओव्हरलॅप व्ह्यूमध्ये (दोन पाकळ्या एकावर एक दिसतील अशा एक्स-रे कोनात) झडप उथळ बसवायला लागल्यापासून पहिला आकडा खाली आला आहे.

सीसीयू_सिस्टर
वायर ठेवणार असाल तर ती पकडतेय (तिच्या प्रत्येक झटक्याला हृदय ठोका देतंय) याची खात्री दर पाळीला करा. रेट रुग्णाच्या ठोक्यांपेक्षा १०-२० ने वर न्या आणि आउटपुट (झटक्याची ताकद) हळूहळू उतरवा. स्पाइकमागे (झटक्याची उभी रेघ) क्यूआरएस येणं थांबलं की तो थ्रेशोल्ड. आउटपुट त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवून रेट परत खाली आणा. थ्रेशोल्ड अचानक चढला तर टोक सरकलंय. जांघेतून घातलेली असेल तर पाय सरळच राहिला पाहिजे. मानेतून अ‍ॅक्टिव्ह फिक्सेशन लीड (टोक स्क्रूने रुतवलेली तार) असेल तर रुग्णाला चालवता येतं.

वायर काढल्यावर बीपी उतरलं तर आधी इको करा. वायरने उजव्या जवनिकेला भोक पडलेलं असू शकतं आणि ती निघाल्यावर टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून त्यावर येणारा दाब) दिसतो.

कार्डिओ_निवासी
आभार. बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) चालू ठेवावं का?

ईपी_लॅब
तूर्त बंद. डिल्टियाझेम आणि डिगॉक्सिनही. घरच्यांना बजावून सांगा : डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चक्कर येऊन पडले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच तासाला घेऊन या.