जळगावहून परळ, मग अंधेरी एमआयडीसी: वडिलांना घेऊन एका दिवसात कसं जमवावं?

पाचोरेकर
राम राम मंडळी. रात्रीच्या गाडीने जळगावहून निघून पहाटे मुंबई. वडील ७२ वर्षांचे, सपाटीवर चालतात, जिन्यावर दम लागतो. दहाला परळला टाटा हॉस्पिटलात तपासणी, दुपारी अंधेरीला एमआयडीसीत कागद द्यायचे, रात्रीच्या गाडीने परत. कल्याणला उतरून लोकल धरावी की पुढे जावं? दिवसभर टॅक्सी परवडणार नाही.

भुसावळ जंक्शन
कल्याणला उतरू नका. आपल्याकडचे बरेच जण "कल्याण आलं म्हणजे मुंबई आली" म्हणून उतरतात आणि तिथेच फसतात. कल्याण ते सीएसएमटी अजून ५० किलोमीटरच्या वर आहे, आणि सकाळी ८ ते ११ सगळी गर्दी त्याच दिशेने वाहत असते. बसलेली गाडी सोडून, बॅगा आणि वडिलांना सांभाळत भरलेल्या लोकलमध्ये शिरायचं कशाला? दादरपर्यंत त्याच गाडीत बसून राहा. फक्त तिकीट काढताना दोन गोष्टी पाहा: गाडीला दादर थांबा आहे का, आणि ती सीएसएमटीला जाते की एलटीटीला (लोकमान्य टिळक टर्मिनसला). लोक एलटीटीला "कुर्ला" म्हणतात, पण कुर्ला स्टेशन तिथून वेगळं, चालत बरंच लांब. लोकलसाठी जवळचं स्टेशन टिळकनगर, तेही हार्बर लाइनवर.

दादरला पूर्वेला, स्वामीनारायण मंदिराच्या बाजूला बाहेर पडा. रिक्षा शोधू नका, सायन-माहीमच्या दक्षिणेला शहरात रिक्षा चालतच नाही. काळी-पिवळी टॅक्सी करा. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहेत, आणि टाटा तिथून साधारण दोनच किलोमीटर. लोकलने परळ पुढचंच स्टेशन, पण फास्ट लोकल सहसा तिथे थांबत नाही, स्लो धरावी लागते आणि पूल दोनदा चढावा लागतो. दिवसभरात टॅक्सीवर पैसे घालवायचे तर इथेच घालवा.

मेट्रोवाला चाळीसगाव
दुपारचं मी सांगतो. नकाशावर परळ ते अंधेरी सरळ दिसतं म्हणून रस्त्याने निघू नका. भुयारी मेट्रो ३ ही ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे, २७ स्टेशनं, आणि एमआयडीसी अंधेरी हे त्यातलंच एक. टाटाहून टॅक्सीने दादर मेट्रो स्टेशन गाठा. ते रेल्वे स्टेशनच्या पश्चिमेला आहे, रेल्वेच्या पुलावरून चालत दहा मिनिटं तरी लागतात, म्हणून वडिलांसोबत टॅक्सीच बरी. टॅक्सीवाल्याला "टिळक पुलावरून घ्या" सांगा. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला आहे, त्या बाजूने गेलात तर वळसा पडतो.

दादरहून आरेच्या दिशेची गाडी धरा. एमआयडीसी अंधेरी दहावं स्टेशन, मरोळ नाका झालं की पुढचं. मध्ये गाडी बदलायची नाही, लिफ्ट आहे. तिकीट मात्र खाली उतरण्याआधीच काढून ठेवा, जमिनीखाली मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो. ऑफिसचा पत्ता नीट विचारून घ्या. एमआयडीसी मोठी आहे, काही ठिकाणांना पुढचं सीप्झ स्टेशन जवळ पडतं.

टॅक्सी नकोच असेल तर परळहून स्लो लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने चौथं स्टेशन मरोळ नाका, मग मेट्रो ३ ने एक स्टेशन. पैसे कमी लागतात, चढउतार जास्त. दुपारी चालेल, संध्याकाळी घाटकोपरला पाय ठेवू नका.

तापीकाठ
लोकलने गेलातच तर दोन गोष्टी. डब्यात शिरल्यावर बॅग पाठीवरून काढून पोटाशी घ्या. उतरायच्या स्टेशनच्या दोन स्टेशनं आधीच पुढच्या माणसाला "घाटकोपर उतरणार का?" विचारा. "नाही" म्हणाला तर त्याला ओलांडून पुढे व्हा. गाडी थांबल्यावर जागेवरून उठलात तर चढणारी माणसं परत आत ढकलतात.

वडील कर्करोगाचे रुग्ण असतील तर दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा. सोबत तुम्हाला बसू देतात का, ते आधी तिकीट खिडकीवर विचारून घ्या.

अमळनेर-नंदुरबारची मंडळी वाचत असतील तर त्यांचा हिशेब वेगळा. सुरतमार्गे येणारी गाडी पश्चिम रेल्वेने येते. अंधेरीचं काम असेल तर बोरिवलीला उतरून लोकलने अंधेरी आणि मेट्रो १. त्यासाठी दादरपर्यंत जाऊन उलटं यायचं कारण नाही.

पाचोरेकर
फार मोलाचं सांगितलं. परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. कल्याणहून काढू की दादरहून?

भुसावळ जंक्शन
सीएसएमटीहून काढा, भाऊ. दादरला गाडी काही मिनिटंच थांबते, संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर लोकलची गर्दी असते, आणि डबा पुढे-मागे लागला तर वडिलांना पळवावं लागेल. सीएसएमटीला गाडी आधी लागते, निवांत बसता येतं. एमआयडीसी अंधेरीहून मेट्रो ३ ने थेट सीएसएमटी, एकाच गाडीत. पाऊण ते एक तास धरा. वर येऊन रेल्वेच्या प्लॅटफॉर्मपर्यंत चालायला आणखी अर्धा तास हातात ठेवा, बाहेरगावच्या गाड्या लोकलच्या प्लॅटफॉर्मपासून लांब लागतात.