हिवाळ्यातल्या आभाळाला 'मळभ' म्हणावं का?

सातपुडापायथा
एका लेखाचा अनुवाद करतेय, तिथे अडलेय. लेख उत्तरेकडच्या थंड देशातला. डिसेंबरात दुपारी चारच्या आत दिवस मावळतो, आठवडेच्या आठवडे आभाळ राखेच्या रंगाचं. लेखिका वसंताची वाट बघतेय आणि वाट बघता बघता तिला त्याच आभाळाची गोडी लागते. झडलेल्या झाडांच्या फांद्यांची जाळी, ढगाच्या कडेला मधेच पिवळसर फट. मी लिहिलं, 'त्या मळभालाही एक रूप होतं.'

आप्पांना वाचून दाखवलं. यावल तालुक्यात आमची केळी आहे, थोडा हरभरा. ते म्हणाले, "मळभाला कसलं रूप? हिवाळ्यात मळभ आलं की हरभऱ्यावर घाटेअळी पडते. बाईला आभाळ आवडलं म्हणतेस आणि शब्द घोर लावणारा घालतेस!"

मला मळभ म्हणजे ढगांचं आवरण एवढंच माहीत. दुसरा शब्द आहे का? 'ढगाळ' नको, तो हवामानाच्या बातम्यांतला वाटतो.

गिरणाकाठ
मळभच ठेवा. मल अधिक अभ्र, मळकट ढग. त्यात ऋतू नाही, अळीही नाही. शेतकऱ्याला काय आठवतं यावर शब्दाचा अर्थ ठरवायला लागलो तर प्रत्येक गावाचा वेगळा कोश करावा लागेल.

पांझराकाठ
करावा की मग! आप्पांचं बरोबर आहे, ताई. मळभ नुसतं दिसत नाही, अंगाला कळतं. वारा पडतो, जीव घुसमटतो. त्या थंड देशात ही घुसमट कुठली? आणि 'मनावरचं मळभ दूर झालं' असं आपण सगळेच म्हणतो. जे दूर व्हावं असं वाटतं तेच मळभ. 'कुंद' घ्या.

गिरणाकाठ
कुंद हवेतही तीच घुसमट आहे, भाऊ. शिवाय कुंदाची पांढरी फुलं ऐन थंडीत येतात, वाचणाऱ्याचा घोटाळा होईल.

तापीपल्याड
'झाकोळ' चालेल? झाकोळात उजेड पूर्ण जात नाही, पातळ होतो. ती पिवळसर फट त्यात बसते.

आणखी एक. 'आभाळ' हा शब्दच अभ्रावरून आला, म्हणजे ढगावरून. आमच्याकडे अहिराणीत 'आभाय उनं' म्हटलं की ढग आले असंच समजायचं, वेगळं विशेषण लागत नाही. त्या वाक्यात नुसतं 'आभाळ आलेलं' पुरे.

गिरणाकाठ
हे मान्य. म्हणून तर मी 'निरभ्र आभाळ' खपवून घेत नाही. ढग नसलेला ढग! निरभ्र असेल तर आकाशच म्हणावं.

पांझराकाठ
मग 'निळं आभाळ'ही खोडणार का? माझी आई आयुष्यभर तेच म्हणत आली. तिच्या तोंडी जे आहे ते चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तापीपल्याड
खरं सांगू का, राखाडी हिवाळा आपला नाहीच. आपला हिवाळा म्हणजे घासून ठेवलेल्या तांब्यासारखा लख्ख. मागच्या पौषात गव्हाला पाणी भरत होतो, लाईट रात्री बाराला आली. विहिरीचं पाणी कोमट, दांडातून वाफ निघत होती. पाय पाण्यात तोवर बरं, बाहेर काढला की कळ मस्तकात. वर बघितलं तर तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, पश्चिमेला कललेलं, खाली व्याध लखलखतोय, ईशान्येला बाज आणि तिचे तीन चोर, म्हणजे सप्तर्षी. फावडं बांधावर टेकवून उभा राहिलो. पाणी पुढच्या वाफ्यात फुटलं तरी भान नाही. त्या आभाळाला कुणी शब्द सांगा. 'निरभ्र' मला फार कोरडा वाटतो.

केळीबाग
त्याच लख्ख आभाळाखाली आमच्या रावेरकडे केळीवर चरका येतो, म्हणजे थंडीने बाग करपते. ढग नसले की रात्री गारठा वाढतो. बागेच्या कडेने धूर करून बसतो आम्ही. आप्पांना ढगाचा घोर, आम्हाला उघड्या आभाळाचा. पण दादा, ते चांदणं मीही बघितलंय, धुरातून.

सातपुडापायथा
'झाकोळ' घालून पाहिला. 'त्या झाकोळालाही एक रूप होतं.' आप्पा म्हणाले, बरं आहे. आता अडचण पुढच्या ओळीत. ती वसंताची वाट बघते. इकडे चैत्रात पारा चाळिशीपार जातो, आपण कशाची वाट बघतो? 'वसंत' लिहिलं की माझ्या डोळ्यांपुढे ऊनच येतं.

पांझराकाठ
पळसाची! माघ सरता सरता सातपुड्याच्या उतारावर पळसाला पान उरत नाही आणि फाल्गुनात तो पेटतो. होळीचा भोंगऱ्या, आदिवासींचा बाजार, भरतो तो त्याच सुमाराला. आपला वसंत शिशिरातच येऊन जातो.

गिरणाकाठ
पंचांगात माघ-फाल्गुन शिशिर, चैत्र-वैशाख वसंत. ते बदलता येत नाही.

पांझराकाठ
पळस पंचांग वाचत नाही.

केळीबाग
त्याच लेखात दव आलं असेल तर 'दहिवर' वापरा, ताई. सुंदर शब्द आहे, मरू देऊ नका. आजी म्हणायची, दह्याच्या कवडीसारखं पांढरं दिसतं म्हणून दहिवर.

गिरणाकाठ
दहिवर म्हणजे साधं दवच. दह्याचा संबंध नंतर जोडला असावा.

तापीपल्याड
आम्ही गोठलेल्यालाच दहिवर म्हणतो. सातपुड्यात वर तोरणमाळ, डाबकडे काही वर्षी पहाटे गवतावर पांढरा थर असतो, तो. हरभऱ्यावरचं ते नव्हे.

केळीबाग
हरभऱ्यावरच्याला तर तिसरंच नाव, आंब. आजी संध्याकाळी हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरून यायची. पहाटे ते जड झालेलं असायचं, पितळीत पिळायची. पोट दुखलं की त्यातला चमचाभर. जिभेला झिणझिण्या येतील इतकं आंबट. बोटं गारठून लाल व्हायची तिची, तरी पिळून झालं की ती धोतराचं टोक माझ्या नाकाशी धरायची. त्या वासाला काय म्हणतात, कुणाला माहीत आहे?