तो आणि तो: बटण नक्की कोणाचं?

रेघोट्या: एक प्रेमकथा मराठीत आणायची आहे. युद्धावरून परतलेला सैनिक आणि गावातले शाळामास्तर, दोघेही पुरुष. गाडी अडलीय ती या वाक्यावर: "त्याने त्याच्या सदऱ्याचं बटण लावलं." जखमी हात सैनिकाचा, बटण लावणारे मास्तर. वाचणाऱ्याला वाटतं, कोणीतरी स्वतःचंच लावलं. दर ओळीत नाव घातलं की पंचनामा होतो. उपाय?

अर्धमात्रा: स्वतःचं असेल तिथे न चुकता 'आपला' लिहा. "त्याने आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला" यात घोळ नाहीच. हल्ली 'आपला' सरसकट गाळतात आणि तिथेच माती खातात. पहिल्या काही पानांत ही शिस्त पाळली की पुढे 'त्याच्या' म्हणजे दुसऱ्याच्या, हे वाचकाला सवयीने कळतं. दुसरी सोय म्हणजे ज्याच्या नजरेतून प्रसंग चाललाय तो 'हा', समोरचा 'तो'. "ह्याने बटण लावलं, तो मान वर करून उभा." तोंडी गोष्टीत हे चालतंच. अख्ख्या प्रकरणात मात्र कृत्रिम वाटायला लागतं.

बोरूबहाद्दर: आदरार्थी अनेकवचन आहे ना हाताशी! सैनिक 'तो', मास्तर 'ते'. "त्यांनी त्याच्या सदऱ्याचं बटण लावलं." मिटलं.

अर्धमात्रा: मिटलं कसलं? 'ते' म्हटलं की मास्तर वरच्या पायरीवर. पुढे सैनिक 'तुम्ही'वरून 'तू'वर येणार, तेव्हा निवेदनात 'ते'च राहिले तर निवेदक त्या घरातला वाटत नाही, शेजारचा वाटतो. पण दोन्ही बदल एकाच परिच्छेदात नकोत. आधी संवादात 'तू' निसटू द्या, एकदोनदा पुन्हा 'तुम्ही'वर जाऊ द्या. निवेदनातला 'तो' नव्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीपासून, आणि मग माघार नाही. अधूनमधून 'ते' डोकावलं तर वाचक मुद्रितशोधकाला शिव्या घालतो.

सानुनासिक: शिवाय "ते हसले" म्हणजे मास्तर हसले की दोघे? तिथे 'दोघे' लिहावंच लागणार. मी तर 'ती दोघं' लिहीन.

शुद्धाक्षर: चूक. 'ती दोघं' स्त्री-पुरुष मिळून. मिश्र जोडीला नपुंसकलिंग लागतं. दोन पुरुष 'ते दोघे', दोन बायका 'त्या दोघी'.

सानुनासिक: व्याकरण ठाऊक आहे हो. पण 'ते दोघे' म्हणजे एका बाकावर बसलेले कोणीही दोन गडी. 'ती दोघं' म्हटलं की संसार दिसतो.

शुद्धाक्षर: अनुस्वारात संसार नसतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांप्रमाणे 'असं, केलं' पात्राच्या तोंडी ठीक, एरवी 'असे, केले'. म्हणजे लेखी रूप 'ती दोघे'. फरक 'ते' आणि 'ती' यांत आहे, 'दोघं'मध्ये नाही.

बोरूबहाद्दर: काही करा, 'प्रियकर' तेवढा लिहू नका. "प्रियकराच्या मदतीने" वाचलं की पुढे खूनच येणार, इतका तो बातम्यांनी नासवलाय. 'यार' म्हणावं तर 'तिचा यार' शिवीसारखं लागतं. 'सखा' आला की मागे बासरी वाजते. 'जोडीदार' त्यातल्या त्यात बरा, जरी धंद्यातला आणि पत्त्यांच्या डावातलाही जोडीदारच.

शुद्धाक्षर: 'सखा'च योग्य. 'जोडीदार'मधला 'दार' फारसी.

बोरूबहाद्दर: मग 'सुभेदार' आणि 'हवालदार' पण काढा. तुमचा सैनिक बिनहुद्द्याचा राहील.

अर्धमात्रा: कबुलीचं वाक्य आत्ताच ठरवा. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' नको, भाषांतराचा वास येतो. 'तू मला आवडतोस' अस्सल, पण त्यात समोरचा पुरुष आहे हे क्रियापदच सांगून टाकतं. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' यात लिंग कोणाचंच नाही. सैनिकाचं पत्र तिसऱ्याच्या हाती पडायची भीती कथेत असेल तर पत्रात हे, आणि 'आवडतोस' समोरासमोर. मूळ भाषेत क्रियापदाला लिंग नसेल तर ही सोय लेखकाला मिळालेलीच नाही, तुम्हाला आयती मिळतेय.

शुद्धाक्षर: पत्रात 'तू मला प्रिय आहेस' लिहावे. लिंग दिसत नाही, भाषाही शुद्ध राहते.

बोरूबहाद्दर: खंदकातून कोण लिहितं असं?

शुद्धाक्षर: शिकलेला लिहितो.

सानुनासिक: आणि 'ती दोघं' बोलताना चालतं की नाही, ते सांगा आधी.